किल्ली कोणाकडे राहणार?

नंदुरबारहून निघून तापीवरचा हातोडा पूल ओलांडला की तळोदा तालुका सुरू होतो. उसाची आणि केळीची शेतं, उत्तरेला सातपुड्याची रांग, मधूनमधून सरदार सरोवरामुळे उठलेल्या गावांच्या पुनर्वसन वसाहती, आणि जवळच गुजरातची हद्द. तळोद्याच्या बाजारात मराठी, अहिराणी, गुजरी, गुजराती आणि भिलीच्या वेगवेगळ्या बोली एकाच वेळी कानावर पडतात. मोबाइलवर मात्र यातल्या कितीतरी बोली लिहिलेल्या क्वचितच दिसतात. त्या ऐकाव्या लागतात: व्हॉइस मेसेजमध्ये, रोडाली आणि टिमली या गाण्या-नाचांच्या व्हिडिओंमध्ये, लग्नाच्या आमंत्रणाच्या क्लिपमध्ये.

२०११ च्या जनगणनेत भिली-भिलोडी बोलणारे १ कोटी ४ लाख भरले. संविधानाच्या आठव्या अनुसूचीत नसलेल्या भाषांमध्ये हा आकडा सर्वांत मोठा आहे. तरीही या भाषेतली शिवी, धमकी, अफवा किंवा निव्वळ थट्टा यांतला फरक ओळखणारं समाजमाध्यमांच्या कंपन्यांमध्ये कोण आहे? फ्रान्सिस हॉगन यांनी २०२१ साली फेसबुकची अंतर्गत कागदपत्रं बाहेर आणली. द्वेषाचा मजकूर ओळखणारी यंत्रणा हिंदी आणि बंगालीसाठीसुद्धा बराच काळ अपुरी होती, हे त्यातून दिसलं. हिंदीची ही अवस्था असेल, तर भिलीची काय असणार हे वेगळं सांगायला नको.

विकेंद्रित समाजमाध्यमांची कल्पना तळोद्यासारख्या ठिकाणाहून पाहिली की मनाला लगेच पटते. आपल्या भाषेतलं बोलणं समजणारी माणसंच ते बोलणं सांभाळतील, यापेक्षा चांगलं काय? मलाही ती मनापासून पटते. पण सत्ता जवळ येते तेव्हा तिच्याबरोबर आणखी बरंच काही जवळ येतं, आणि त्याची तयारी कोणी केलेली नसते. या प्रकरणात मला त्याबद्दल सांगायचं आहे.

आधी रचना समजून घेऊ. बाजारातल्या भाजीवाल्या मावशींचा क्यूआर कोड फोनपेचा असतो आणि आपल्या मोबाइलवर गूगल पे असतं, तरी पैसे पोचतात. दोन्ही ॲप यूपीआयचे नियम पाळतात म्हणून हे जमतं. समाजमाध्यमांत असं होत नाही. फेसबुकवरच्या माणसाला एक्सवरून मित्र करता येत नाही. प्रत्येक कंपनीचं कुंपण वेगळं. ही कुंपणं काढण्यासाठी ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाची एक सामाईक नियमावली तयार झाली आणि वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी या संस्थेनं तिला जानेवारी २०१८ मध्ये मान्यता दिली. जर्मनीतल्या युजेन रोश्को या तरुणानं २०१६ साली सुरू केलेलं मॅस्टोडॉन हे तिच्यावर चालणारं सर्वांत परिचित माध्यम. मॅस्टोडॉनचा सर्व्हर कोणीही उभा करू शकतो. एक सर्व्हर पुण्यातल्या कॉलेजचा, एक बर्लिनमधल्या छायाचित्रकारांचा, एक तळोद्यातल्या मंडळींचा, आणि तिन्हींवरची माणसं एकमेकांचं लिखाण वाचू शकतात. यूपीआयच्या मध्यभागी एनपीसीआय ही संस्था आहे. इथे मध्यभागी कोणीच नाही. या रचनेचं बळ त्यातच आहे आणि पुढच्या बहुतेक अडचणीही तिथूनच निघतात.

मध्यभागी कोणी नसणं म्हणजे काय, हे समजायला शेजारच्या धुळे जिल्ह्यात जावं लागेल.

१ जुलै २०१८. साक्री तालुक्यातलं राईनपाडा, रविवारच्या आठवडे बाजाराचा दिवस. मुलं पळवणारी टोळी फिरते आहे अशी अफवा त्या दिवसांत व्हॉट्सॲपवरून गावोगाव पसरली होती. नाथपंथी डवरी गोसावी समाजातली, भिक्षा मागत फिरणारी, बहुतेक सोलापूर जिल्ह्यातली पाच माणसं तिथे आली होती. जमावानं त्यांना टोळीतली माणसं ठरवलं आणि ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून मरेस्तोवर मारलं. त्या काळात देशभर फिरणाऱ्या क्लिपांपैकी एक तर कराचीतल्या बालसुरक्षेच्या जाहिरातीतून कापलेली होती. शेवटचा, मूल परत आणून देणारा भाग उडवला होता. जाहिरात मुलं सांभाळा म्हणून सांगत होती, आणि तिच्या तुकड्यानं माणसांच्या जिवावर उठायला लावलं.

देशभरातल्या अशा हत्यांनंतर केंद्र सरकारनं व्हॉट्सॲपला जाब विचारला. त्याच महिन्यात कंपनीनं भारतात एक मेसेज एका वेळी पाचच ठिकाणी फॉरवर्ड करता येईल अशी मर्यादा घातली. २०१९ च्या जानेवारीत ती जगभर लागू झाली. या उपायानं किती जीव वाचले हे मोजता येत नाही, पण तो कसा अमलात आला ते पाहण्यासारखं आहे. एका कंपनीनं एका ठिकाणी एक आकडा बदलला आणि तो राईनपाड्यापासून रांचीपर्यंत सगळ्यांच्या मोबाइलवर लागू झाला. गावातल्या कोणाला काही करावं लागलं नाही.

विकेंद्रित जाळ्यात असा आकडा बदलायची जागाच नाही. मूळ सॉफ्टवेअर बनवणारे नवी आवृत्ती काढतील, पण ती बसवायची की नाही हे प्रत्येक सर्व्हरचा मालक ठरवणार. कोणी उशिरा बसवेल, कोणी नको असलेला भाग कापून टाकेल; सॉफ्टवेअर मुक्त असल्यानं तसा अधिकारही आहे. २०१४ साली इस्लामिक स्टेटच्या प्रचारकांनी डायस्पोरा या जुन्या विकेंद्रित माध्यमाचा आसरा घेतला, तेव्हा प्रकल्पाच्या लोकांना जाहीर सांगावं लागलं की मध्यवर्ती सर्व्हरच नसल्यामुळे तो मजकूर आम्ही काढू शकत नाही. त्यांनी संशयित खात्यांची यादी केली आणि एकेका सर्व्हरच्या सांभाळकर्त्याला गाठून विनंती केली. मोठ्या सर्व्हरांनी ऐकलं. पण अफवा तासाभरात बाजारभर होते, आणि विनंत्यांना दिवस लागतात.

असं असलं तरी जाळं अगदीच हतबल नाही. २०१९ च्या जुलैमध्ये गॅब हे द्वेषाच्या लिखाणासाठी बदनाम असलेलं अमेरिकन माध्यम मॅस्टोडॉनच्या सॉफ्टवेअरवर आलं, तेव्हा बहुसंख्य सर्व्हरांनी त्याच्याशी संबंध तोडले. कोणाचा हुकूम नव्हता. ज्यानं त्यानं आपलं दार लावलं. विकेंद्रित जगात हेच मुख्य हत्यार आहे. पण ते दुधारी आहे, कारण दार लावताना आतल्या प्रत्येकाला कोणी विचारत नाही. २०२२ च्या अखेरीस पत्रकारांसाठी निघालेल्या जर्ना डॉट होस्ट या सर्व्हरला कितीतरी सर्व्हरांनी तोडून टाकलं. तिथल्या एखाद्याचं लिखाण खटकलं की शिक्षा सगळ्यांना. उद्या तळोद्याहून भिलीत चालणाऱ्या सर्व्हरवर दोन गटांत वाद झाला आणि परदेशातल्या कोणा ॲडमिननं, भाषा न समजता, तक्रारींची संख्या पाहून त्याचं नाव बंदीच्या यादीत घातलं, तर? अशा याद्या एकमेकांकडून उचलल्या जातात. नाव एकदा चढलं की एकेका दारावर जाऊन काढून घ्यावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या कंपनीला भिली कळत नाही ही तक्रार घेऊन आपण निघालो होतो. इथे भिली न कळणारे मालक शेकड्यांनी भेटतात.

भारतात विकेंद्रित माध्यमांचं नाव सर्वदूर ऐकू आलं ते नोव्हेंबर २०१९ मध्ये. सर्वोच्च न्यायालयातले ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं. कारण ठरलेल्या गोष्टींपैकी एक होतं ऑगस्ट लँडमेसर यांचं मानलं जाणारं गाजलेलं छायाचित्र: नाझी सलाम ठोकणाऱ्या गर्दीत हाताची घडी घालून उभा राहिलेला एक माणूस. हुकूमशाहीला नकार देणारं चित्र द्वेषाच्या चित्रांत गणलं गेलं. संतापून हजारो भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. पहिलाच प्रश्न आला, कोणता सर्व्हर निवडायचा? साधं खातं उघडायचं तर आधी शेकडो अनोळखी नावांतून एक घर निवडा. बऱ्याच जणांनी सर्वांत मोठं, रोश्को यांचंच घर निवडलं, आणि काही आठवड्यांत बहुतेक जण ट्विटरवर परतले, कारण वाचणारे तिथेच होते. इलॉन मस्क यांनी ऑक्टोबर २०२२ मध्ये ट्विटर विकत घेतल्यावर जगभर असंच घडलं. मॅस्टोडॉनचे महिन्याला सक्रिय असणारे लोक सुमारे २५ लाखांवर गेले आणि पुढच्या काही महिन्यांत बरेच उतरले. २०२३ मध्ये मॅस्टोडॉनच्या ॲपनं नव्या माणसाला थेट मोठ्या सर्व्हरवरच नेण्याची सोय केली. लोकांची अडचण कमी झाली खरी, पण गर्दी पुन्हा एका ठिकाणी गोळा होऊ लागली. ब्लूस्कायचं तेच. त्याची रचना कागदावर विकेंद्रित आहे, पण २०२४ मध्ये जवळपास सगळी खाती आणि खात्यांच्या ओळखीची नोंदवही एकाच कंपनीच्या सर्व्हरांवर होती. ॲक्टिव्हिटीपबच्या सहलेखिका क्रिस्टीन लेमर-वेबर यांनी त्याच वर्षी यावर सविस्तर आणि सभ्य टीका केली. ती मला योग्य वाटते.

आता तळोद्याच्या काल्पनिक सर्व्हरकडे परत येऊ, कारण माझ्या मते सर्वांत अवघड प्रश्न तिथे आहे आणि त्याची चर्चा सर्वांत कमी होते.

समजा, तालुक्यातल्या चार-पाच शिकलेल्या तरुणांनी सर्व्हर उभा केला. एक संगणक शिकवणारे सर, एक सेतू केंद्र चालवणारा, एक सामाजिक संघटनेचा कार्यकर्ता. तीनशे-चारशे लोक आले. आश्रमशाळेतून बारावी होऊन नंदुरबारला शिकायला गेलेल्या मुली आल्या, ऊसतोडीला गुजरातेत गेलेले भाऊ आले. मॅस्टोडॉनवर एक माणूस दुसऱ्याला खासगी मेसेज पाठवतो तेव्हा तो व्हॉट्सॲपसारखा कुलूपबंद नसतो. तो सर्व्हरच्या साठ्यात उघडाच पडलेला असतो आणि ज्याच्या हाती साठ्याची किल्ली आहे त्याला वाचता येतो. सेवा देणाऱ्या मोठ्या कंपनीतही कोणाकोणाला असे मेसेज पाहता येऊ शकतात. पण त्या कंपनीतल्या माणसाला ही मुलगी कोणत्या गावची, ज्याच्याशी बोलते तो कोणत्या समाजाचा, याच्याशी काही देणंघेणं नसतं. तळोद्यातल्या ॲडमिनला मात्र मुलीचे मामा माहीत असतात, मुलाचं घर माहीत असतं, ग्रामपंचायतीच्या निवडणुकीत कोण कोणाच्या पॅनलमध्ये होतं हेही माहीत असतं. त्याच्याकडे कोणी येऊन म्हणेल, “दादा, जरा बघून सांग ना, आमची पोरगी कोणाशी बोलते.” दादा भला माणूस असेल तर नाही म्हणेल. पण एवढ्या मोठ्या गोष्टीचा सगळा भार एका माणसाच्या भलेपणावर टाकणं मला मान्य नाही. ज्या जवळिकीमुळे त्याला भाषा कळते, त्याच जवळिकीमुळे त्याच्यावर दबाव आणता येतो. ही अडचण सॉफ्टवेअरच्या नव्या आवृत्तीनं पूर्णपणे सुटणारी नाही.

तक्रारींचंही असंच आहे. एका बाईनं तक्रार केली की अमुक माणूस माझ्या फोटोखाली घाण लिहितो. अमुक माणूस ॲडमिनचा चुलतभाऊ निघाला, किंवा तालुक्यातल्या वजनदार पुढाऱ्याचा कार्यकर्ता निघाला, तर काय? खातं बंद केलं तर रात्री घरासमोर चार मोटारसायकली येऊन उभ्या राहतील. मोठ्या कंपनीतला मॉडरेटर निदान कोणाला दिसत नाही. आणि जे पाहावं लागतं त्याचा ताण निराळाच. स्टॅनफर्ड इंटरनेट ऑब्झर्व्हेटरीनं २०२३ मध्ये मोठ्या विकेंद्रित सर्व्हरांवरचा दोन दिवसांचा मजकूर तपासला, तेव्हा मुलांच्या लैंगिक शोषणाच्या आधीच नोंद असलेल्या सामग्रीशी जुळणारे ११२ नमुने हाती लागले. कंपन्यांकडे असा मजकूर आपोआप अडवणारी साधनं असतात. संध्याकाळी शिकवण्या संपवून सर्व्हर बघायला बसणाऱ्या सरांकडे काय असतं?

कायद्याचा धाक त्यावर. भारताच्या २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांत ५० लाखांहून अधिक नोंदणीकृत वापरकर्ते असलेल्या माध्यमांवर जादा बंधनं आहेत. पण मूळ बंधनं सगळ्यांना आहेत. तक्रार अधिकाऱ्याचं नाव जाहीर करायचं, तक्रारीची पोच २४ तासांत द्यायची आणि ठरलेल्या मुदतीत निकाल लावायचा, खातं बंद झालं तरी नोंदणीची माहिती १८० दिवस जपायची. सायबर सुरक्षेचं काम पाहणाऱ्या सर्ट-इन या सरकारी संस्थेच्या २०२२ च्या आदेशानुसार सायबर घुसखोरी झाली तर सहा तासांत कळवायचं. तीनशे माणसांच्या सर्व्हरलाही हे लागू होतं, आणि चुकलं तर मजकुराच्या जबाबदारीतून मिळणारं संरक्षण जाऊ शकतं. शिवाय सरकारला एखादी गोष्ट बंद करायची असली तर रचनेचे बारकावे पाहिले जातातच असं नाही. मे २०२३ मध्ये जम्मू-काश्मीरमधल्या दहशतवादाच्या कारणावरून केंद्रानं १४ मेसेजिंग ॲपांवर बंदी घातली. त्यात मॅट्रिक्स या विकेंद्रित जाळ्यावर चालणारं एलिमेंटही होतं. एलिमेंट हा त्या जाळ्यात शिरायचा एक दरवाजा आहे, जाळ्याचा मालक नाही. तरी दरवाजावर पाटी लागली.

सर्व्हर बंद पडतो तेव्हा काय होतं, हे नव्या माणसाला कोणी आधी सांगत नाही. मॅस्टोडॉनवर आपलं नाव सर्व्हरच्या नावाला जोडलेलं असतं. वेळेवर कळलं तर दुसऱ्या सर्व्हरवर बिऱ्हाड हलवता येतं, अनुयायी बरोबर येतात, पण जुनं लिखाण तिथेच राहतं. वेळेवर कळलं नाही तर सगळंच जातं. सर्व्हर बंद पडण्याची कारणंही नाना तऱ्हेची. मॅस्टोडॉन डॉट लोल चालवणारा २०२३ मध्ये छळाला कंटाळून थांबला. मोझिलासारख्या मोठ्या संस्थेनं आपला सर्व्हर डिसेंबर २०२४ मध्ये बंद केला. क्वियर डॉट एएफ या सर्व्हरनं अफगाणिस्तानचं डॉट एएफ हे पत्त्याचं शेपूट वापरलं होतं. फेब्रुवारी २०२४ मध्ये तालिबानच्या हाताखालच्या मंत्रालयानं तो पत्ताच रद्द केला. आणि कोलेक्टिव्हा या सर्व्हरच्या एका सांभाळकर्त्याच्या घरावर २०२३ च्या मे महिन्यात एफबीआयनं दुसऱ्याच प्रकरणात छापा घातला. त्याच्याकडे सर्व्हरच्या साठ्याची उघडी प्रत होती, तीही जप्तीत गेली. हजारो लोकांचे ईमेल पत्ते आणि मेसेज, ज्यांचा त्या प्रकरणाशी काही संबंध नव्हता.

पैशांबद्दल थोडक्यात. मजकूर स्वस्त असतो, व्हिडिओ महाग. तळोद्याची भाषा मुख्यतः आवाजात आणि व्हिडिओत राहते, त्यामुळे इथला सर्व्हर पहिल्या दिवसापासून महागच असणार. त्यात दुसऱ्या सर्व्हरवरचं चित्र आपल्याकडच्या माणसानं पाहावं म्हणून त्याची प्रत आपल्या साठ्यातही ठेवली जाते. लोक वाढले नाहीत तरी साठा फुगत जातो. तो सर्व्हर बहुधा मुंबईतल्या किंवा जर्मनीतल्या भाड्याच्या यंत्रावर असेल, म्हणजे विकेंद्रित घराची जमीन पुन्हा मोजक्या मोठ्या मालकांचीच. भारतात फ्री सॉफ्टवेअर कम्युनिटी ऑफ इंडियाच्या स्वयंसेवकांनी पॉडेरी नावाची विकेंद्रित सेवा लोकवर्गणीवर चालवली. त्यांच्या चिकाटीबद्दल मला फार आदर आहे, आणि वर्गणी गोळा करणं हेच एक पूर्णवेळ काम होऊन बसतं हेही त्यातून शिकण्यासारखं आहे.

हे सगळं वाचून विकेंद्रीकरणाचा नाद सोडावा असं कोणी म्हणेल. मी म्हणणार नाही. तळोदा तालुका संविधानाच्या पाचव्या अनुसूचीत येतो. इथे ग्रामसभेला अधिकार देणारा पेसा कायदा लागू आहे आणि पाड्याची स्वतंत्र ग्रामसभा होऊ शकते. सत्ता जवळ आणली की काय होतं याचा अनुभव आदिवासी भागांनी आपल्यापेक्षा जास्त घेतला आहे. गडचिरोलीतल्या मेंढा-लेखाला २००९ साली सामूहिक वनहक्क मिळाला, सुमारे १,८०० हेक्टरांवर. पण त्याच्या किती आधीपासून ते गाव अभ्यास गट चालवत होतं, बहुमतानं नव्हे तर सर्वसहमतीनं निर्णय घेत होतं, बायकांना सभेत बरोबरीनं बसवत होतं. हक्क हातात आला तेव्हा तो वापरायची सवय आधीच लागलेली होती. जिथे ती सवय नव्हती, तिथे ग्रामसभा कागदावरच झाल्या आणि निर्णय दोन-तीन घरांत होत राहिले. सर्व्हरचंही याहून वेगळं होणार नाही.

मॅस्टोडॉनच्या यादीत येऊ इच्छिणाऱ्या सर्व्हरांना चार वचनं पाळावी लागतात. द्वेषाच्या मजकुराविरुद्ध सक्रिय देखरेख, रोजच्या रोज साठ्याची प्रत, अडीअडचणीला सर्व्हर उघडू शकेल असा किमान आणखी एक माणूस, आणि बंद करायचं झालं तर तीन महिन्यांची आगाऊ सूचना. तळोद्यासाठी त्यांत मी आणखी काही घालीन. सर्व्हरच्या साठ्याची किल्ली दोघांच्या हाती असावी, ते दोघं एका घरातले किंवा एका पक्षातले नसावेत, आणि साठा कधी उघडला याची नोंद सगळ्यांना पाहता यावी. बायकांच्या तक्रारी बायकांकडेच जाव्यात आणि त्यांनी दिलेला निर्णय ॲडमिनला फिरवता येऊ नये. खासगी बोलणं या सर्व्हरवर करू नका, त्यासाठी कुलूपबंद ॲप वापरा, हे पहिल्याच पानावर भिलीत आणि मराठीत, आवाजातही सांगितलेलं असावं, कारण ज्यांना ते सर्वांत जास्त कळायला हवं त्यांतल्या अनेकजणी लिहिलेलं वाचणाऱ्या नाहीत. देखरेखीसाठी प्रत्येक बोलीचा एक तरी माणूस असावा आणि त्याला त्या कामाचा मोबदला मिळावा. पहिलं खातं उघडण्याआधी हे सगळं ठरलेलं, आणि चारचौघांसमोर वाचून दाखवलेलं असावं.